आज्याचा दाखला

हिटलर बरा होता असं म्हणणारे या शहरात पैशाला पासरी सापडतात. त्याचं पुस्तक फोर्टच्या फुटपाथवर ज्योतिषाच्या आणि लवकर श्रीमंत व्हायच्या पुस्तकांना खेटून विकलं जातं. 'शिस्त होती राव', 'देश वर काढला', 'असाच एक पायजे इथं'. पांढरपेशा हे बोलतो तेव्हा नवल वाटत नाही. त्याला कायम दंडुकेवाला बाप लागतो, कारण दंडुका आपल्या पाठीवर पडणार नाही याची त्याला खात्री असते. पण हीच भाषा आपल्या वस्तीतल्या कट्ट्यावर ऐकू यायला लागली, की गप्प बसणं हरामखोरी होईल. म्हणून हे संपादकीय ज्यूंविषयी.

'आपल्याच घराला आग लागलीय आणि तुम्ही परक्याचं विझवायला निघालात?' असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगणं. माणसाला जन्मावरून मोजायचा धंदा आपल्याकडं धर्मग्रंथानं केला. युरोपात तोच धंदा विसाव्या शतकात सरकारी गॅझेटनं केला. शिक्का, सही, कलम, पोटकलम, सगळं रीतसर. कायद्याच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो इतिहास पाठ केला पाहिजे. दुसरं महायुद्ध चालू असतानाच बाबासाहेबांनी नाझींचा ज्यूद्वेष आणि सनातन्यांची अस्पृश्यता एकाच मापानं मोजली होती. आम्ही नवं काही सांगत नाही. विसरलेलं सांगतोय.

*

ज्यूंचा छळ जुना आहे. येशूला यांनी मारलं, हे विहिरीत विष टाकतात, हे आमच्या पोरांचं रक्त काढतात, असल्या बाता मारून मध्ययुगात त्यांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. व्हेनिसनं १५१६ साली त्यांना एका बेटावर कोंडलं आणि रात्री फाटकाला कुलूप घालायला सुरुवात केली. 'घेट्टो' हा शब्द तिथला. तरी त्या जुन्या द्वेषाला एक फट होती. बाप्तिस्मा घेतला की निदान कागदावर तरी ज्यू सुटायचा. स्पेनमध्ये टोलेडो शहरानं ती फटही बुजवून पाहिली. १४४९ सालीच त्यांनी ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना आणि त्यांच्या वंशजांना अधिकाराच्या जागा बंद केल्या. धर्म बदला, रक्त तेच, असा त्यांचा न्याय. ओळखीचा वाटतो ना?

मग फ्रेंच राज्यक्रांती आली. २७ सप्टेंबर १७९१ ला तिथल्या राष्ट्रीय सभेनं ज्यूंना बरोबरीचं नागरिकत्व दिलं. इंग्लंडात रॉथशिल्ड १८४७ साली निवडून आला, पण खासदारकीची शपथ ख्रिस्ती श्रद्धेवर घ्यायची होती, म्हणून त्याला १८५८ पर्यंत खुर्ची मिळाली नाही. श्रीमंताची ही गत, तर गरिबाची काय असेल? जर्मनीत १८६९ च्या कायद्यानं धर्मावरून हक्क अडवणं बंद झालं आणि १८७१ साली ते सगळ्या साम्राज्याला लागू झालं.

दोस्तांनो, इथं थांबा आणि नीट बघा. कायद्यानं बरोबरी दिली आणि दहा वर्षांच्या आत द्वेषानं नवा कोट शिवून घेतला. ज्यू वकील झाला, डॉक्टर झाला, वर्तमानपत्रात लिहू लागला, शेजारच्या बाकावर बसू लागला, हेच खुपलं. १८७३ साली बाजार कोसळला, माणसं देशोधडीला लागली, त्यांना शत्रू पाहिजे होता. १८७९ साली विल्हेल्म मार नावाच्या लेखणीबहाद्दरानं बर्लिनमध्ये संघटना काढली आणि तिच्या नावातच 'अँटिसेमिटिझम' हा शब्द चालता केला. धर्मावरून द्वेष करणं मागासलेपणाचं वाटायला लागलं होतं, म्हणून वंशाचं, विज्ञानाचं नाव दिलं. धर्म बदलता येतो, वंश बदलता येत नाही. फट कायमची बुजली.

*

आपल्या आणि ज्यूंच्या छळात एक फरक आहे. तो समजून घेतला नाही तर आपण फसू. आपल्याला ते म्हणतात, तू खालचा आहेस. ज्यूला म्हणतात, तू लपून वर बसला आहेस. बँकवाला ज्यू, आणि बँकेवर मोर्चा घेऊन येणारा लाल बावटेवालाही ज्यू. दोन्ही एकदम. त्यामुळं ज्यूद्वेष बंडखोरीचं सोंग घेऊ शकतो. उपाशी माणसाला वाटतं, आपण सत्तेविरुद्ध लढतोय, आणि तो दगड मारत असतो कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या काचेवर. जर्मन कामगार चळवळीत याला 'मूर्खांचा समाजवाद' म्हणत.

मुंबईचंच घ्या. कुलाब्याचा सासून डॉक १८७५ चा. सासून घराणं बगदादी ज्यू, अफूच्या आणि कापसाच्या व्यापारावर गबर झालेलं. धक्क्यावर ओझी वाहणाऱ्याचं सासूनशी भांडण असेल तर ते मजुरीचं, नफ्याचं. त्याच्या देवाशी कसलं भांडण? त्याच काळात अलिबागच्या पट्ट्यातले बेने इस्रायल तेलाचा घाणा हाकत होते आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत होतं. तोही ज्यू, हाही ज्यू. एक मालक, एक घाणेवाला. वर्ग सोडून वंश बघणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही.

*

आता कायद्याकडं. सुरुवात रशियापासून.

झारनं ज्यूंना पश्चिमेच्या एका पट्ट्यात कोंडून ठेवलं होतं. बाहेर राहायला परवाना लागे. १८८१ साली झारचा खून झाला. मारेकऱ्यांच्या गटात एक ज्यू बाई होती. तेवढं निमित्त पुरलं. गावोगाव दंगली पेटल्या, दुकानं लुटली, बायकांवर अत्याचार झाले. सरकारनं काय केलं? मे १८८२ मध्ये कायदा आणला, दंगलखोरांवर नव्हे, ज्यूंवर. खेड्यात नव्यानं राहायचं नाही, जमीन घ्यायची नाही, रविवारी धंदा करायचा नाही. नियम 'तात्पुरते' होते. ते १९१७ च्या क्रांतीपर्यंत चालले. १८८७ मध्ये शाळा-कॉलेजात टक्केवारी ठरली. कोंडलेल्या पट्ट्यात ज्यूंना १० टक्के, बाहेर ५, दोन राजधान्यांत ३. याला कुणी आरक्षण म्हणू नका. आरक्षण दार उघडायला असतं, ही टक्केवारी दाराची कडी होती. हंगेरीनं १९२० साली तीच कडी आपल्या विद्यापीठांना लावली.

रशियातूनच एक खोटा दस्तऐवज निघाला. 'ज्यू म्हाताऱ्यांनी गुपचूप बसून जग ताब्यात घ्यायचा कट केला' असं सांगणारी 'प्रोटोकॉल्स'. १९०३ साली पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात छापली गेली. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'नं दाखवून दिलं, की हा माल एका जुन्या फ्रेंच पुस्तकातून चोरलेला आहे आणि त्या पुस्तकात ज्यूंचं नावसुद्धा नाही. १९३५ साली स्वित्झर्लंडात बर्नच्या कोर्टानं तो दस्तऐवज बनावट ठरवून छापणाऱ्यांना दंड केला. १९३७ मध्ये वरच्या कोर्टानं शिक्षा रद्द केली. का? ज्या कायद्याखाली खटला होता तो अश्लील साहित्याचा, आणि हे त्यात बसत नव्हतं. कलमच नव्हतं, मग गुन्हा कुठून? तो कागद आजही छापला जातो, आता मोबाइलवर फिरतो. खोटं पकडलं म्हणून खोटं मरत नाही.

फ्रान्सचं बघा. ज्यूंना पहिल्यांदा बरोबरी देणारा देश. १८९४ मध्ये कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस याला हेर ठरवून अंदमानासारख्या एका बेटावर टाकलं. पुरावा बनावट, खरा गुन्हेगार दुसरा, आणि सेनापतींना ते माहीत. १३ जानेवारी १८९८ ला कादंबरीकार झोलानं राष्ट्राध्यक्षाला जाहीर पत्र लिहून नावानिशी आरोप केले. खटला कुणावर झाला? झोलावर. ड्रायफस पूर्ण निर्दोष ठरायला १९०६ उजाडलं. बारा वर्षं. तोही लष्करी अधिकारी होता, पैसेवाल्या घरातला होता, त्याच्यामागं भाऊ होता, लेखक होते. ज्याच्यामागं कुणी नसतं त्याचा निकाल किती वर्षांनी लागतो, ते आपल्याला विचारा.

*

जर्मनी. इथं सावकाश वाचा. कारण लोकांना वाटतं, एक वेडा आला आणि त्यानं सहा दशलक्ष माणसं मारली. तसं झालं नाही. आधी कारकून आले.

७ एप्रिल १९३३, सरकारी नोकऱ्यांचा कायदा. 'बिगर आर्य' नोकरांना घरी बसवा. चार दिवसांनी नियम आला, आजा-आजीपैकी एक जरी ज्यू असला तरी तू बिगर आर्य. २५ एप्रिल, शाळा-कॉलेजात 'गर्दी' कमी करायचा कायदा, नव्या प्रवेशात ज्यूंना दीड टक्का. १५ सप्टेंबर १९३५, न्यूरेंबर्गचे कायदे. ज्यू हा राष्ट्राचा नागरिक नाही. ज्यूनं जर्मनाशी लग्न करायचं नाही, संबंध ठेवायचे नाहीत, पंचेचाळीस वर्षांखालची जर्मन बाई घरकामाला ठेवायची नाही.

आता ज्यू कोण? दोन महिन्यांनी, १४ नोव्हेंबरला त्याचा हुकूम निघाला. ज्याचे तीन किंवा चार आजे-आज्या ज्यू, तो ज्यू. बरं, आजा ज्यू होता हे कसं ओळखायचं? तर तो ज्यूंच्या धर्मसंस्थेत नोंदलेला होता का ते बघायचं! रक्त-रक्त म्हणून छाती पिटणाऱ्यांना रक्तात काही सापडलं नाही. प्रयोगशाळा, मोजपट्ट्या, प्रोफेसर, सगळं करून शेवटी देवळाचं रजिस्टर उघडावं लागलं. नातू ख्रिस्ती असो, नास्तिक असो, पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी पाय गमावलेला असो. आज्याचा दाखला काढ. दोस्तांनो, वंश नावाची गोष्ट कशी बनते याचा याहून नागडा पुरावा जगात नाही. वंश शरीरात सापडत नाही, तो हपिसात तयार होतो.

पुढं यादीच आहे. ऑगस्ट १९३८ चा हुकूम, ज्यू पुरुषानं नावापुढं 'इस्रायल' लावायचं, बाईनं 'सारा', म्हणजे नाव वाचताच कळावं. ऑक्टोबरमध्ये पासपोर्टवर लाल अक्षरात 'जे' चा शिक्का. तो स्वित्झर्लंडशी बोलणी करून ठरला, कारण सरहद्दीवरच्या स्विस शिपायाला निर्वासित ओळखायला सोपं जावं. ९ नोव्हेंबरच्या रात्री देशभर सिनेगॉग जाळली, दुकानं फोडली, सुमारे ३० हजार ज्यू पुरुषांना छावण्यांत नेलं. तीन दिवसांनी सरकारनं दंड ठोठावला शंभर कोटी मार्कांचा, ज्यूंवरच. विम्याचे पैसेही सरकारनं खाल्ले. घर त्यांचं जळलं, बिलही त्यांच्याच नावावर. गावकुसाबाहेर वाढलेल्याला हे हिशेब शिकवावे लागत नाहीत.

सप्टेंबर १९४१, छातीवर पिवळा तारा. नोव्हेंबर १९४१, अकरावा हुकूम. जो ज्यू परदेशात राहतो त्याचं नागरिकत्व गेलं, मालमत्ता सरकारजमा. वाचायला साधं वाटतं. पण रेल्वेच्या डब्यात कोंबून सरहद्द ओलांडली, की तो माणूस कायद्यानं 'परदेशी राहायला गेला'. त्याचं घर, त्याची खुर्ची, त्याच्या पोराचा बिछाना, सगळं त्याच क्षणी सरकारचं. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनजवळ वानझे इथं पंधरा माणसं बसली आणि सगळ्या युरोपातल्या ज्यूंच्या खुनाचं वेळापत्रक ठरवलं. त्या पंधरांतले निम्म्याहून जास्त डॉक्टरेट झालेले होते. शिकलेला माणूस आपोआप सज्जन होतो असं ज्याला वाटतं, त्यानं ही बैठक ध्यानात ठेवावी.

आणि बाकीचं जग? जुलै १९३८ मध्ये फ्रान्सच्या एव्हियां गावी ३२ देश जमले. सगळ्यांनी दुःख व्यक्त केलं, दार जवळपास कुणी उघडलं नाही. मे १९३९ मध्ये हॅम्बुर्गहून 'सेंट लुई' नावाची बोट ९३७ उतारू घेऊन निघाली, बहुतेक सगळे ज्यू. हवानाच्या बंदरात उभी राहिली, क्यूबानं उतरू दिलं नाही. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे दिवे दिसले, अमेरिकेनं उतरू दिलं नाही. बोट परत युरोपला. त्यांतली २५४ माणसं पुढं नाझींच्या हाती मेली. गोदीत काम करणाऱ्याला माहीत असतं, की धक्क्याला लागलेल्या बोटीतून पोती उतरायला फार वेळ लागत नाही. माणसांसाठी मात्र शिडी लागली नाही. त्याही देशांकडं कायदा होता. कोटा भरलेला होता.

आपल्याकडं? १९३९ साली नागपुरात छापलेल्या गोळवलकरांच्या पुस्तकात जर्मनीनं ज्यूंना हाकलणं हे वंशाभिमानाचं उदाहरण म्हणून हिंदुस्थानापुढं ठेवलं गेलं. पुढं त्यांच्या संघटनेनं ते पुस्तक आपलं नाही म्हणून झटकलं. झटकलं तरी छापलेली शाई राहते.

*

युद्ध संपलं. २० सप्टेंबर १९४५ ला दोस्त राष्ट्रांनी न्यूरेंबर्गचे कायदे रद्द केले. मग खटले. युलियस श्ट्रायशर हा ज्यूंविरुद्ध गरळ ओकणारं साप्ताहिक चालवायचा. त्यानं स्वतःच्या हातानं कुणाला मारल्याचा पुरावा लागला नाही. तरी ऑक्टोबर १९४६ मध्ये तो फासावर गेला. वर्षानुवर्षं शब्दांनी माणसं खुनाला तयार करणं हाही खुनाचा भाग आहे, हे तिथं ठरलं. लेखणी हातात धरणाऱ्यांनो, आपणही ऐका.

१९४७ मध्ये न्यायाधीश आणि कायदेखात्याच्या अधिकाऱ्यांवर खटला झाला. ओस्वाल्ड रोटहाउग नावाच्या न्यायाधीशानं १९४२ साली एका म्हाताऱ्या ज्यू व्यापाऱ्याला जर्मन बाईशी संबंधाच्या संशयावरून मरणाची शिक्षा दिली होती. पुरावा नव्हता, पण निकालपत्र होतं. खुन्याचा खंजीर न्यायाधीशाच्या झग्याखाली लपला होता, असं त्या खटल्याच्या निकालात म्हटलं गेलं. रोटहाउगला जन्मठेप झाली. १९५६ मध्ये तो सुटला. आणि हान्स ग्लोब्के? न्यूरेंबर्गच्या कायद्यांवर १९३६ साली भाष्य लिहिणाऱ्यांपैकी एक. तो १९५३ ते १९६३ पश्चिम जर्मनीच्या चॅन्सेलरच्या कचेरीचा प्रमुख होता. व्यवस्था बदलते, फाइल सांभाळणारे तेच राहतात.

पण याच राखेतून आपल्या कामाची एक गोष्ट निघाली. १९५९ च्या नाताळात कलोन शहरातल्या नुकत्याच उघडलेल्या सिनेगॉगवर नाझी स्वस्तिकं रंगवली गेली. मग देशोदेशी तसलेच प्रकार घडले. जर्मनीनं १९६० मध्ये समाजगटाविरुद्ध चिथावणीचं कलम नव्यानं लिहिलं. प्रकरण संयुक्त राष्ट्रांत गेलं आणि तिथून १९६५ साली सर्व तऱ्हेच्या वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार जन्माला आला. गंमत बघा, ज्या ज्यूद्वेषामुळं करार सुरू झाला तो शब्दच करारात नाही. अमेरिकेनं तो घालायला सांगितला, सोव्हिएटनं झायोनिझमही घाला म्हटलं, शेवटी दोन्ही वगळले. आणि दुसरी गंमत. वंशभेदाच्या व्याख्येत 'वंशपरंपरा' म्हणजे जन्माच्या कुळावरून होणारा भेद हा शब्द भारताच्या सूचनेवरून आला. भारतानं १९६८ मध्ये करार मंजूर केला. २००२ साली करारावर देखरेख करणाऱ्या समितीनं जाहीर केलं, की त्या शब्दात जात येते. आपलं सरकार म्हणत आलं, येत नाही. शब्द आम्हीच दिला, पण अर्थ आमचा नाही!

म्हणजे सिनेगॉगच्या भिंतीवर फासलेल्या रंगापासून निघालेली वाट जिनिव्हात आपल्या जातीच्या प्रश्नाला जाऊन भिडली. आता कुणी विचारू नये, ज्यूंचं आपल्याला काय.

*

बोलण्याला कायदा किती आवळावा यावर जगात एकमत नाही. ऑस्ट्रियानं १९४७ पासून नाझी प्रचार गुन्हा ठरवला. फ्रान्सनं १९९० मध्ये, जर्मनीनं १९९४ मध्ये ज्यूंचा संहार झालाच नाही असं म्हणणं गुन्ह्यात घातलं. अमेरिका असं बोलणंही बंद करत नाही. लंडनमध्ये तर उलटंच झालं. संहार नाकारणारा डेव्हिड आयर्विंग यानं डेबोरा लिपस्टॅट या इतिहासकार बाईंवर बदनामीचा खटला भरला. इंग्लंडच्या कायद्यात सिद्ध करायचं ओझं लिपस्टॅटबाईंच्या माथी. त्यांनी कागद, नकाशे, तज्ज्ञ उभे केले आणि २००० साली आयर्विंग हरला. कोर्टानं त्याला इतिहासाची मोडतोड करणारा ठरवलं. आमचं मत सांगतो. चिथावणीला शिक्षा हवी. पण नुसत्या शिक्षेवर विसंबू नका. कागद जपून ठेवणारी, साक्षी लिहून ठेवणारी माणसं लागतात. आपल्यावरच्या अत्याचारांची नोंद अजून धड कुणी ठेवत नाही.

द्वेष संपला का? नाही. २००८ च्या नोव्हेंबरात आपल्याच मुंबईत, कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये सहा जणांना मारलं. ती जागा ज्यूंची म्हणूनच हेरली होती. २०१८ साली पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ माणसं मारली. २०१९ मध्ये जर्मनीत हाले शहरी सिनेगॉगचं दार मजबूत होतं म्हणून आतली माणसं वाचली, बाहेरची दोन गेली.

आणि हा रोग फक्त उजव्यांचा आहे असं समजून लाल बावटेवाल्यांनी हात झटकू नयेत. सोव्हिएटनं १९१८ साली ज्यूद्वेषाविरुद्ध फर्मान काढलं, आणि त्याच राज्यात ऑगस्ट १९५२ मध्ये ज्यू लेखक-कार्यकर्त्यांना गोळ्या घातल्या, १९५३ मध्ये ज्यू डॉक्टरांवर खोटा कट रचला. स्टालिन मेला तेव्हा कट खोटा निघाला. पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारनं १९६८ मध्ये 'झायोनिस्ट' म्हणून हजारो ज्यूंना देश सोडायला लावला. शब्द बदलला, माणसं तीच.

*

आता अवघड जागेचं बोलू. पॅलेस्टाइन.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतर इस्रायलनं गाझात हजारोंनी माणसं मारली, पोरंबाळं मारली, शहरं भुईसपाट केली. दक्षिण आफ्रिका आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेली, १९४८ च्या वंशसंहारविरोधी करारावर बोट ठेवून. हा करार ज्यूंच्या राखेतून लिहिला गेला. 'जेनोसाइड' हा शब्द बनवणारा राफाएल लेम्किन पोलंडचा ज्यू. २६ जानेवारी २०२४ ला कोर्टानं इस्रायलला अंतरिम आदेश दिले. कायदा कुणा एका जमातीची मिरास नसतो, हे त्या दिवशी दिसलं.

आमची भूमिका सरळ आहे. गाझातल्या माणसाच्या बाजूनं उभं राहा, न भिता. पण राज्याचा हिशेब माणसांच्या जमातीवर काढू नका. 'ज्यू असेच असतात' हे वाक्य तोंडातून निघालं, की तुम्ही पॅलेस्टाइनचे राहिला नाहीत, विल्हेल्म मारचे झालात. 'हे लोक असेच असतात' हे वाक्य आपल्याबद्दल किती ऐकलंय, आठवा. २००१ च्या डर्बन परिषदेत आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन गेली होती, आणि त्याच आवारात ज्यूंची विद्रूप नाकाची चित्रं वाटली जात होती. शरम वाटावी अशी गोष्ट.

दुसरी बाजूही तितक्याच जोरात सांगतो. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेनं ज्यूद्वेषाची व्याख्या केली. तिच्या अकरा उदाहरणांतली सात इस्रायलशी जोडलेली. पुढं सरकारं आणि विद्यापीठं तिचा दंडुका करू लागली. ती व्याख्या ज्याच्या हातून मूळ लिहिली गेली त्या केनेथ स्टर्न यांनीच या वापराला विरोध केला. २०२१ मध्ये अनेक अभ्यासकांनी, त्यांत ज्यूही होते, जेरुसलेममधून वेगळा मसुदा मांडला. मेलेल्यांच्या नावानं जिवंतांचं तोंड बांधू नका, एवढंच आमचं म्हणणं.

आणि आज्याचा दाखला इस्रायलमध्येही मागितला गेला, बरं का. कुणाकडं? कोकणातून गेलेल्या आपल्या बेने इस्रायलांकडं. लग्न करायचं तर आई-आजीची कूळपरीक्षा द्या, असा तिथल्या धर्मगुरूंचा १९६२ चा फतवा. रेवदंड्या-अलिबागकडची मराठी बोलणारी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ साली तिथल्या संसदेला सांगावं लागलं, की हे पूर्ण ज्यू आहेत. छळ सोसलेला माणूस आपोआप शहाणा होत नाही. हे त्यांना लागू, तसं आपल्यालाही लागू.

*

शेवटी ॲम्स्टरडॅमची एक हकिगत. फेब्रुवारी १९४१. नाझींनी ज्यूंच्या गरीब वस्तीतून चारशेच्या वर तरुण पोरं मारत, फरफटत उचलून नेली. शहरात दोन माणसांनी संप करायचा म्हटलं. विलेम क्रान रस्ते बांधणारा, पीट नाक रस्ते झाडणारा. दोघंही कम्युनिस्ट, दोघंही ज्यू नव्हेत. २५ फेब्रुवारीला ट्रामा थांबल्या, गोदी थांबली, कारखाने थांबले. ज्यूंसाठी, बिगर ज्यू कामगारांनी. दुसऱ्या दिवशी गोळ्या घालून संप मोडला. क्रानला १९४२ मध्ये मारलं. नाक जगला. संपानं ज्यू वाचले का? खरं सांगायचं तर नाही. त्या देशातल्या ज्यूंपैकी चारातले तीन मारले गेले. तरी १९५२ साली त्याच वस्तीच्या चौकात पुतळा उभा राहिला. तो राजाचा नव्हे, सेनापतीचा नव्हे. बाह्या सरसावलेला, रिकाम्या हातांचा एक गोदी कामगार. दरवर्षी २५ फेब्रुवारीला माणसं तिथं जमतात.

आणि त्या झाडूवाल्या पीट नाकनं पुढं काय केलं? इस्रायलनं १९६६ मध्ये त्याचा सन्मान केला. १९६९ साली तो नेदरलंडमध्ये पॅलेस्टाइन कमिटी उभी करणाऱ्यांत होता. त्याला यात विसंगती वाटली नाही. आम्हालाही वाटत नाही.

येत्या मोर्च्याचे फलक रंगवायला बसाल तेव्हा राज्याचं नाव लिहा, सेनेचं लिहा, हत्यारं विकणाऱ्या कंपनीचं लिहा. जमातीचं नाव लिहू नका. आणि २५ फेब्रुवारीला संध्याकाळी पाळी सुटल्यावर वस्तीत जमा. त्या संपाची हकिगत वाचून दाखवू, मग पोरांना प्रश्न विचारू द्या.